मामांसोबत हिवरे बाजार

आज मामांना हिवरे बाजार दाखवून आणलं. त्यांच्या तरुणपणी हे गाव म्हणजे दारू आणि मारामाऱ्या. सरकारी नोकरांना इथली बदली म्हणजे शिक्षाच! डोंगर बोडके, विहिरी कोरड्या. रिकाम्या हातांना भांडणाशिवाय उद्योग काय? १९९०च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले, मग श्रमदान, उतारावर पाणी अडवायला समतल चर, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, म्हणजे किती पाणी आहे ते सगळ्यांनाच ठाऊक. (मला हे झाडांपेक्षा भारी वाटलं.)

चराच्या काठावर गुडघाभर गवत. मामांनी मूठभर माती उचलली, हुंगली, खिशातल्या रुमालात बांधली. आमचा बांधाचा दावा बावीस वर्षं कोर्टात आहे. परतताना ज्याच्याशी दावा आहे त्या चुलतभावाचा फोन आला. मामांनी चक्क उचलला.