रंगीत तालमीचे तीन रविवार

"मॅडम, तीन-तीन रविवार घालवण्यापेक्षा एकदाच नीट करू की," शाखाधिकारी साहेब म्हणाले. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं पंधरा-सोळा वर्षांचं काम जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचं होतं. शनिवारी संध्याकाळी व्यवहार बंद, सोमवारी दहाला काउंटर उघडे, मुदत तेवढीच. माझ्याकडे १४० कामांचा आराखडा तयार होता, प्रत्येक कामासमोर नाव आणि वेळ. तरी खऱ्या बदलाआधी हेच काम तीनदा करून बघायचं, अशा तालमींवर मी अडून बसले. आधीच्या एका प्रकल्पात आराखडा असाच देखणा होता, आणि सोमवारी सकाळी मी खातेदारांच्या रांगेसमोर माफी मागत उभी होते.

पहिल्या तालमीत शनिवारी सहाला जुन्या डेटाची प्रत काढून आम्ही कामाला लागलो. साडेसातला पिग्मी एजंट हातातली मशीनं घेऊन दारात! दिवसभर बाजारपेठेत फिरून जमवलेला भरणा ते रोज याच वेळी चढवतात. संस्थेत हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की कुणी सांगितलं नाही, आणि तीन महिने बैठका घेऊन मीही विचारलं नव्हतं. आराखड्याची पहिलीच ओळ बदलली. सहाचे साडेआठ झाले.

दुसऱ्या तालमीत तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिलकांचा ताळा, पैशापर्यंत जुळली. सगळे खुशीत. तेवढ्यात कॅशियर तात्यांनी एका सभासदाचं नाव शोधायला लावलं, तर ते सापडेना. जुनं मराठी युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होतं. त्यात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. एवढी उलटापालट आमचा प्रोग्राम व्यवस्थित करत होता, पण 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मधला र त्याला ओळखताच येत नव्हता. गोऱ्ह्यांचे 'गोर्हे' झाले, शेजारच्या कऱ्हाडचं 'कर्हाड'. दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. प्रोग्रामला सांगावं लागतं. "नाव चुकलं की माणूस व्याजावरबी विश्वास ठेवत न्हाई," तात्या म्हणाले. पुढचे आठ दिवस ते आणि दोन क्लार्क दुपारचं जेवण झालं की याद्या तपासत बसायचे. त्या कामाला माझ्या आराखड्यात ओळसुद्धा नव्हती.

तिसरी तालीम मी घेतली ती ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेमुळे. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर नेली. माहिती सुखरूप पोचली, पण प्रणाली लगेच बिघडली. ग्राहकांना आपलीच खाती उघडता येईनात. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड केला. हे वाचल्यापासून नुसती तेरीज जुळली की मला हायसं वाटत नाही. म्हणून त्या रविवारी सगळ्या शाखांचे क्लार्क आपापल्या काउंटरवर बसवले आणि सोमवारच्या गर्दीसारख्या पावत्या एकदम करायला लावल्या. वीस मिनिटांत पासबुक छपाई अडकली. तीच सोमवारी अडकली असती.

आणखी एक गोष्ट तालमींमुळे ठरली. रविवारी चारपर्यंत पडताळणी पूर्ण झाली नाही, तर जुन्या प्रणालीवर परत जायचं. निर्णय शाखाधिकारी साहेबांचा, आणि तो कागदावर सहीनिशी. प्रत्येक तालमीत परतीला लागलेला वेळ मोजूनच चार ही वेळ काढली होती. थकलेल्या माणसांनी रात्री अकराला असा निर्णय घ्यायचा नसतो; तेव्हा प्रत्येकाला वाटतं, अजून अर्ध्या तासात होईल.

प्रत्यक्ष बदलाच्या रविवारी पावणेतीनला पडताळणी संपली. साहेबांनी सहीचा तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी पहिलं पासबुक छापून बाहेर आलं. शिल्लक बघायच्या आधी तात्यांनी चष्मा वर करून पत्ता वाचला. ता. कऱ्हाड.