लाखीश : टेकडीवरचं यहूदी शहर आणि न वापरलेलं शौचकूप

यरुशलेमच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर लाखीशची टेकडी आहे. यहूदाच्या प्राचीन राज्यात (राजधानी यरुशलेम) यरुशलेमखालोखाल महत्त्व याच शहराला. चहूबाजूंनी तीव्र उतार, फक्त नैर्ऋत्य कोपऱ्यात शेजारच्या टेकडीला जोडणारी खिंड. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याने नेमका हाच कच्चा दुवा हेरला. तिथे दगडांचा उतरता भराव रचून वेढ्याची यंत्रं तटापर्यंत नेली. आतल्यांनी तटामागे मातीचा प्रतिबांध घातला, पण शहर पडलंच. सन्हेरीबाच्या लेखी इतिवृत्तांत लाखीशचं नाव नाही. त्याची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात मात्र या विजयाचं दालनभर शिल्प होतं. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

धार्मिकदृष्ट्या खरी गंमत वेशीत आहे. तिथल्या खोलीतल्या देवस्थानात वेद्यांची शिंगं (कोपऱ्यांवरचे शिंगांसारखे उंचवटे) मुद्दाम तोडलेली आढळली आणि शेजारी दगडी शौचकूप. तपासणीत ते कधी वापरलं गेल्याची खूण मिळाली नाही, म्हणजे त्याचं काम देवस्थान विटाळण्यापुरतंच. २०१६ मध्ये हा शोध जाहीर करताना उत्खननकर्त्यांनी तो यहूदाचा राजा हिज्कीया याच्या धर्मसुधारणेशी, म्हणजे यरुशलेमबाहेरची देवस्थानं बंद पाडण्याशी, जोडला; सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. बायबलमध्ये इस्राएलचा राजा येहू याने बआल या कनानी देवाचं मंदिर असंच शौचकूप केल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे मला हा अर्थ ओढूनताणून वाटत नाही.

पुढे बाबिलोनी सैन्य आलं. १९३५ मध्ये वेशीजवळच सापडलेल्या खापरांवर शाईने लिहिलेली त्या काळातली पत्रं आहेत. एकात लाखीशच्या अग्निसंकेतांकडे लक्ष असल्याचं आणि जवळच्याच अजेका शहराचे संकेत दिसत नसल्याचं लिहिलंय. शेवटपर्यंत तग धरलेली तटबंदीची शहरं म्हणून बायबलमधला संदेष्टा यिर्मया हीच दोन नावं घेतो.