टेबलाखालचं गिऱ्हाईक

मागच्या रविवारी सकाळी सकाळी भाचीचा फोन आला, मामा आज खारीचा वाढदिवस आहे, चार वाजता कोरेगाव पार्कात ये, उशीर करू नको. खारी म्हणजे तिची बीगल कुत्री, दोन वर्षांची, कान जमिनीला टेकतात आणि नाक सतत कामावर. मी म्हणलं केक कोण खाणार, तर म्हणे खारीच खाणार, केळं-गाजर-पीनट बटरचा आहे, तुझ्यासाठी कॉफी सांगते. म्हणजे मी एका कुत्रीच्या वाढदिवसाचा पाहुणा. बायको म्हणाली रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आता काय न्यायचं, शेवटी वाटेत एक रबरी बॉल घेतला.

कॅफेच्या दारावर पाटी, पेट फ्रेंडली. पुण्यात अख्खं आयुष्य "कुत्र्यापासून सावध" वाचण्यात गेलं, त्यामुळे "कुत्र्यांचं स्वागत" वाचून जरा वेळ फाटकातच घुटमळलो. मेन्यूकार्डाच्या शेवटच्या पानावर त्यांचे वेगळे पदार्थ, बिनमिठाचा चिकन-भात, उकडलेलं अंडं, आणि पपुचिनो म्हणून एक प्रकार, म्हणजे एवढुशा कपात नुसती फेटलेली क्रीम, कॉफीचा थेंब नाही. माझ्या कॉफीपेक्षा वीस रुपये स्वस्त होतं ते, एवढंच समाधान.

आता खरं सांगायचं तर मी कुत्र्याला भितो. तिसरीत असताना साताऱ्यात एकाने पोटरी धरली होती, आणि तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना होता, बेंबीभोवती रोज एक. आता दंडात चार-पाच घेतली की भागतं, आजकालच्या पोरांना त्या चौदाची किंमत कळायची नाही. तेव्हापासून कुत्रं जवळ आलं की माझे पाय आपोआप वर जातात, खुर्चीवर मांडी घालून बसतो मी. इथे नेमके उंच स्टूल, मांडी घालायची सोयच नाही. शेजारच्या टेबलाखाली एक लॅब्राडोर सतरंजीसारखा पसरलेला, त्याची शेपटी दर मिनिटाला माझ्या स्टुलाच्या पायावर थप थप, आणि त्याची मालकीण हसून "काही करत नाही हो तो". हे वाक्य साताऱ्यातही ऐकलं होतं, चावल्यानंतर.

वेटर मात्र पोरगा भारी होता. दोन्ही हातात ट्रे, खाली न बघता बरोबर त्या शेपटीवरून पाय उचलून टाकत होता, नदीतल्या दगडांवरून चालावं तसा. मी विचारलं, तुला त्रास नाही होत रे या सगळ्याचा? तर म्हणाला, "पाय पडला तर कुत्रं एकदाच ओरडतं साहेब." आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

हॉटेलात कुत्री घ्यावीत का नाही, यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस भांडण झालं होतं तेव्हा मी विरुद्ध पार्टीत होतो. केस पडतात, लहान मुलं घाबरतात, कुणाला ॲलर्जी असते, हे सगळं मला आजही पटतं. आपल्याकडे फूड सेफ्टीच्या नियमातही चक्क लिहिलंय की जनावरं, पक्षी, पाळीव प्राणी खाद्यपदार्थांच्या जागेत येऊ देऊ नयेत. इंग्लंडात उलटं, तिथे बंदी स्वयंपाकघरापुरती, बसायच्या जागेत कुत्र्याला येऊ द्यायचं का हे पबवाला ठरवतो, त्यामुळे म्हातारा माणूस बिअर घेऊन बसलाय आणि पायाशी कुत्रं झोपलंय हे तिथलं नेहमीचं चित्र. पण ते कुत्रं खाली असतं हो. इथे समोरच्या टेबलावर एक पांढरा शीत्झू खुर्चीवर बसून मालकाच्या प्लेटमधला पास्ता खात होता, तीच प्लेट उद्या माझ्यासमोर येणार. ताट चाटायला माझा कडक विरोध आहे, मग कुत्रं असो नाहीतर आमचा चुलत मेव्हणा.

पण तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली ती ग्रुपवरच्या भांडणात कुणीच बोललं नव्हतं, मी पण नाही. आपल्या हॉटेलात कुत्रं कधी नव्हतं? स्टँडवरच्या कँटीनच्या बाकाखाली एक झोपलेलं असायचंच, वडापाव खाताना पाव खाली पडायच्या आधीच त्याचा जबडा तिथे. हायवेच्या ढाब्यावर बाजेखाली एक, मटणाच्या खानावळीच्या मागच्या दाराशी तर हाडांसाठी लाईनच. गोव्यात शॅकवर जा, वाळूत खड्डा करून चार-पाच पडलेली असतात, सीझनभर आलेल्या टुरिस्टांनी प्रत्येकाला वेगळं नाव ठेवलेलं, ती सगळ्या नावांना ओ देतात. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी दिली नाही, कुणी पाटीही लावली नाही. मालक फार तर हाड म्हणायचा, कुत्रं चार पावलं मागे जायचं, परत यायचं, असा एक समझोता होता.

आणि तसं बघितलं तर आपल्याकडे कुत्र्याचा मान काही लहान नाही. दत्ताच्या पायाशी चार, खंडोबाबरोबर एक. नामदेवांची गोष्ट तर शाळेपासून ठाऊक, कुत्र्याने भाकरी पळवली तर हे तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. मुंबईत तर कुत्र्यांपायी दंगल झालीये, १८३२ साली. इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला माणसं लावली होती, एका कुत्र्यामागे आठ आणे, आणि पारशी लोक रस्त्यावर उतरले, फोर्टातली दुकानं बंद पडली. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान, मेलेल्या माणसाला शेवटचं कुत्र्याच्या नजरेखालून नेतात. इराण्याच्या हॉटेलात बन मस्का खाताना दारातल्या कुत्र्याला कुणी लाथ घालताना मी तरी पाहिलं नाही, आता त्याचा संबंध याच्याशी आहे का मालकाला उठायचा कंटाळा, देव जाणे. आणि मुंबईच्या ताजच्या दाराशी भटकं कुत्रं निवांत झोपलेलं असतं, त्याला कुणी हुसकत नाही, कारण रतन टाटांनीच तसं सांगून ठेवलेलं. टाटांच्या मुख्य ऑफिसात, बॉम्बे हाऊसमध्ये, तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर भटक्या कुत्र्यांसाठी वेगळी खोलीच काढली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे या कॅफेच्या फाटकाबाहेर एक बसलेलं होतं. तांबूस, बारीक, डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी करून, इंजेक्शन टोचून जागेवर परत सोडलेलं, कागदपत्रं आतल्यांइतकीच साफ म्हणायची. आतून चिकनचा वास आला की ते उठायचं, फाटकाच्या फटीत नाक घालायचं आणि वॉचमन काठी फरशीवर आपटायचा, टक. ते परत बसायचं. दर पाच मिनिटांनी हाच कार्यक्रम. पाटी पेट फ्रेंडलीची आहे, कुत्रा फ्रेंडलीची नाही, हे त्या दोघांनाही नीट माहीत होतं. तिकडे २०२५ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथून भटकी कुत्री हलवायला सांगितली, चावण्याच्या केसेस बघता माझ्या पोटरीला ते पटतं. पण म्हणजे स्टँडच्या बाकाखालचं जाणार आणि कोरेगाव पार्कातलं खुर्चीवर बसणार. मला कुत्र्यांचं प्रेम नाही म्हणून सांगतो, तरीपण हे जरा टोचलं.

केक कापला. म्हणजे कापायच्या आधीच खारीने नाक लावून निम्मा खलास केला, भाचीने व्हिडिओ काढला, लॅब्राडोरलाही एक तुकडा गेला, तो पसरल्या पसरल्याच खाल्ला त्याने. माझा बॉल खारीने एकदा हुंगला आणि सोडून दिला.

निघताना काय वाटलं कोण जाणे, मी एक चिकन-भात पार्सल सांगितलं. भाची बघतच राहिली. वेटरने डबी आणली, हातात मार्कर, म्हणाला साहेब, पेटचं नाव लिहितो आम्ही डबीवर, काय लिहू? मी फाटकाकडे बघितलं, वॉचमनला हाक मारून विचारलं, काय रे, नाव काय त्याचं? तो आधी कोणाचं म्हणाला, मग जरा लाजून म्हणाला, "शेरू." म्हणजे नाव ठेवलेलं होतं, आणि ते ठेवणाराच काठी आपटत होता.

तर डबीवर झोकात शेरू लिहून, जीएसटीसकट बिल भरून मी बाहेर आलो, डबी उघडून लांबूनच पायाने पुढे सरकवली, जवळ जायची हिंमत काही झाली नाही. शेरूने हुंगलं, चिकनचे तुकडे तेवढे वेचून वेचून खाल्ले, भाताला तोंड लावलं नाही आणि परत फाटकाशी जाऊन बसला.

"भात नाही खात तो," वॉचमन म्हणाला आणि खिशातून पारले-जीचा पुडा काढला.