नेम धरायला बुद्धी लागते, काका

गुकेशने १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला हरवलं, तेव्हा आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रभर अभिनंदनं चालली होती. बुद्धिबळाचा अठरा वर्षांचा जगज्जेता! तीन आठवड्यांनी, ३ जानेवारी २०२५ ला, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये सतरा वर्षांचा ल्यूक लिटलर मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ ने हरवून डार्ट्सचा, म्हणजे गोल बोर्डावर बाण फेकायच्या खेळाचा, जगज्जेता झाला. तीही बातमी मी ग्रुपवर टाकली. काकांचं एका ओळीत उत्तर आलं: "नेम धरायला हात लागतो, बुद्धी नाही."

आमच्या वाड्यातल्या सगळ्या मुलांना काकांनी बुद्धिबळ शिकवलं, मलाही. म्हणूनच त्यांचं हे म्हणणं नुसतं सोडून देववत नाही.

मी राहते त्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला चिनीमातीच्या भांड्यांचा जितका अभिमान, तितकाच डार्ट्सचा. सोळा वेळा जगज्जेता झालेला फिल टेलर इथलाच, चिनीमातीच्या कारखान्यातला कामगार. एरिक ब्रिस्टो या तेव्हाच्या बड्या खेळाडूने त्याला पैशाची मदत करून उभं केलं, आणि १९९० च्या अंतिम सामन्यात टेलरने त्याच ब्रिस्टोला ६-१ ने हरवलं. गुरूला हरवणारा चेला म्हटल्यावर काकांनाही आवडावा.

खेळ असा. ५०१ गुणांपासून सुरुवात, एका पाळीत तीन बाण, पडतील ते गुण वजा करत जायचे. नेमका शून्यच यायला हवा आणि शेवटचा बाण दुपटीच्या बारीक पट्टीत, म्हणजे डबलमध्ये, बसायला हवा. (मधला बुलही डबलच धरतात.) एक गुण जरी जास्त झाला तरी त्या पाळीचे सगळे गुण रद्द. बोर्डावरचे आकडेही सरळ क्रमाने नाहीत. २० च्या एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला १, त्यामुळे जरा हात हलला की लगेच शिक्षा.

आमच्या पबच्या टीममध्ये एक निवृत्त लॉरी ड्रायव्हर आहेत. परवा त्यांना ९६ हवे होते. ठरलेली वाट म्हणजे ट्रिपल २० (तिपटीची पट्टी, म्हणजे ६०), मग डबल १८. पहिला बाण मात्र साध्या २० मध्ये गेला. उरले ७६. रेघेवरून पाऊल न हलवता त्यांनी पुन्हा ट्रिपल २० मारला, उरलेल्या १६ साठी डबल ८, आणि खेळ संपवला. कागद नाही, पेन्सिल नाही, पुटपुटणंही नाही. शाळा त्यांनी लवकर सोडली होती.

आता ३२ ची गंमत बघा. बरेच खेळाडू मुद्दाम ३२ उरवतात. डबल १६ चुकून साध्या १६ मध्ये गेला तर उरतात १६, म्हणजे डबल ८. तोही तसाच चुकला तर डबल ४, मग २, मग १. पुढची चूक आधीच धरून आखलेला डाव आहे हा. १७० उरले तर तीन बाणांत संपतात: दोन ट्रिपल २० आणि बुलचे ५०. १६९ उरले तर तीन बाणांत संपवायची वाटच नाही. राजा-प्याद्यांचे शेवटचे डाव काका आमच्याकडून घोकून घ्यायचे ना, तेच हे ज्ञान. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी दाखवलं की मोठे बुद्धिबळपटू पटावरची मोहरी एकेक करून नव्हे, ओळखीच्या गटांनी लक्षात ठेवतात. डार्ट्सवाल्यांचे आकडे पाहिले की मला तेच आठवतं.

बुद्धिबळ जास्त खोल आहे, यात वादच नाही. तिथे समोरचा प्रत्येक चालीने तुमचा बेत मोडतो. चौदाव्या डावात डिंगची ५५ वी चाल, हत्तीची, चुकली आणि विजेतेपद गेलं. डार्ट्समध्ये प्रतिस्पर्ध्याला तुमचा बाण अडवताच येत नाही. तो गुण वाढवून फक्त दडपण आणतो. म्हणून खरी परीक्षा वेगळीच असते. हिशेब झाला की विचार थांबवावा लागतो, आणि मला हे बुद्धिबळापेक्षा अवघड जातं. ब्रिस्टो पाच वेळा जगज्जेता झालेला, पण १९८० च्या दशकात त्याच्या हातून बाण सुटेनासा झाला. 'डार्टायटिस' म्हणतात त्याला. मनगट धड, नजर धड, आणि मन सोडायलाच तयार नाही. ही बुद्धीची गोष्ट नाही तर कशाची?

बघणाऱ्यांचं म्हणाल तर अलेक्झांड्रा पॅलेसला लोक सोंगं घेऊन येतात, गातात, नाचतात. बुद्धिबळाच्या दालनात खोकलासुद्धा दाबायचा. बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरू शकतात, हे दोन्हीकडे आहे. २०१९ च्या डिसेंबरात फॅलन शेरॉकने त्या जागतिक स्पर्धेत पुरुषाला हरवलं; असं करणारी ती पहिली बाई.

आईची काळजी पबची. ती रास्त आहे, पण खेळाला दारू लागत नाही. वाड्याच्या पडवीत बोर्ड सहज मावेल. बुल जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर, फेकायची रेघ बोर्डापासून ७ फूट ९ इंचांच्या किंचित पुढे. लहान मुलांसाठी प्लास्टिकच्या टोकाचे बाण आणि त्यांचा वेगळा बोर्ड मिळतो. वजाबाकीला रडणाऱ्या भाच्याला आधी १०१ पासूनच खेळू दे, आणि हिशेब त्याचा त्यालाच मांडू दे.