आमची वाटचाल: तांबं, रेझिस्टर आणि परवाना

मोबाईलच्या केबलला आमच्या भागात पिन म्हणतात. बारकी पिन, सी पिन, आयफोनची पिन. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीजवळच्या आमच्या शेडमध्ये काम सुरू झालं ते बारक्या पिनवर, म्हणजे मायक्रो यूएसबीवर. आज सगळा माल सी पिनचा, म्हणजे यूएसबी टाइप-सीचा आहे. मधल्या काळात दुकानदार सतत मागत होते, तरी आयफोनची पिन आम्ही कधी बनवली नाही. ती का बनवली नाही, हे सांगितल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

२०१२ साली आयफोन ५ सोबत लाइटनिंग पिन आली. तिच्या प्रत्येक बाजूला आठ संपर्कपट्ट्या आणि आत तिळाएवढी एक चिप. पिन लावली की फोन त्या चिपला ओळख विचारतो. उत्तर जुळलं नाही तर हे उपकरण चालेल याची खात्री नाही असा संदेश येतो, आणि बरेचदा चार्जिंग थांबतं. ती चिप आणि ती पिन रीतसर मिळते ती अ‍ॅपलच्या एमएफआय नावाच्या परवाना योजनेतूनच. ही योजना आयपॉडच्या काळातली, २००५ ची. करार करायचा, ठरवून दिलेल्या पुरवठादाराकडूनच पिन घ्यायची, नमुना तपासणीला पाठवायचा, आणि कराराच्या अटी बाहेर सांगायच्या नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी दहा-बारा माणसांच्या शेडला हे जमणारं नव्हतं. बाजारात नकली चिपच्या पिना भरपूर होत्या. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की त्या एका रात्रीत मुक्या व्हायच्या आणि दुकानदार हाती पिन घेऊन सांगायचा, "पिन तं बसते, पन चार्ज नाई होत." तो माल आम्ही ठेवला नाही.

मोठ्या कंपन्यांचं म्हणणं असं, की परवाना हवा तो ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी. हे म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण वाईट केबल काय करते ते आम्ही रोज मीटरवर बघतो.

पहिली लबाडी तांब्यात असते. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी तार बारीक. २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. एक मीटर केबल म्हणजे जाण्याची आणि परतीची मिळून दोन मीटर तार, ०.४२ ओहम. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि पावणेदोन वॉटची उष्णता केबलमध्ये राहते. त्याच जाडीची तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार घेतली, तर हे नुकसान साधारण दीडपट. आम्ही पॉवरसाठी २० गेज तांबं वापरतो. त्याचा रोध मीटरला ०.०३३ ओहम, म्हणजे ३ अँपिअरलासुद्धा जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात. टाइप-सीच्या मानकात ३ अँपिअरला पॉवरच्या तारेवर ५०० आणि ग्राउंडवर २५० मिलिव्होल्टपर्यंत सूट आहे, त्याच्या आत आपण आरामात बसतो. तार ओळखायची तर ब्लेडने एक पदर खरवडायचा. आतून पांढरं दिसलं की रीळ परत. एवढा कमी रोध साध्या मीटरवर नीट दिसत नाही, म्हणून प्रत्येक लॉटमधल्या काही केबलींतून लोडवर ३ अँपिअर सोडून दोन्ही टोकांचे व्होल्ट मोजायचे.

दुसरी चूक रेझिस्टरची, आणि ती जास्त धोक्याची. एका टोकाला जुनी ए पिन आणि दुसऱ्याला सी पिन असेल, तर सी पिनच्या आत सीसी (समोर काय जोडलंय ते ओळखण्याचा संपर्क) आणि पॉवर यांच्यामध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो फोनला सांगतो, की समोरचा पोर्ट साधा आहे, बेताने ओढ. तिथे २२ किलोओहम बसला तर फोन १.५ अँपिअर मागतो आणि १० किलोओहम बसला तर ३ अँपिअर. समोर जुन्या लॅपटॉपचा किंवा गाडीतला पोर्ट असेल तर तो तापतो, बंद पडतो, कधी जळतो. २०१५ मध्ये गूगलमधले अभियंता बेन्सन लेउंग यांनी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या केबली एकेक करून तपासल्या, तेव्हा कितीतरी केबलींत हाच १० किलोओहमचा रेझिस्टर निघाला. पुढे एका केबलमध्ये पॉवर आणि ग्राउंडच उलटे जोडलेले होते आणि त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबली विकायला बंदी केली.

या सगळ्यात एक गोष्ट नजरेत भरते. केबल वाईट आहे हे कळलं ते मीटरने, मानकाचं पान उघडून, आणि ते पान कोणालाही फुकट वाचता येतं. ओळख विचारणाऱ्या चिपला तार २० गेजची की २८ ची हे दिसत नाही. तांबं तपासलं जातं ते नमुना चाचणीत. ती चाचणी जरूर व्हावी, आमच्या मालाचीही व्हावी. आमची तक्रार एवढीच, की परीक्षा घेणारा, कुलूप लावणारा आणि शेजारच्याच रॅकवर स्वतःची केबल विकणारा एकच असतो. कापूस खरेदीचा काटा व्यापाऱ्याचा असतो, पण त्यावर शिक्का वैधमापन खात्याचा लागतो. शिक्काही व्यापाऱ्यानेच मारायचा म्हटलं तर कोणता शेतकरी गाडी काट्यावर लावेल?

टाइप-सीमध्येही केबलला प्रश्न विचारला जातो, आणि तो आम्हाला मान्य आहे. ३ अँपिअरच्या वरच्या केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप सक्तीची आहे. ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. ई-मार्कर असला तर ५ अँपिअर, १०० वॉट, आणि २०२१ च्या सुधारणेनंतर ४८ व्होल्टवर २४० वॉटपर्यंत. इथे चार्जर विचारतो, किती अँपिअर सोसशील? कुलपाची चिप विचारते, तू कोणाचा? पहिल्या प्रश्नाने घर जळण्यापासून वाचतं. दुसऱ्याने फक्त गिऱ्हाईक बांधलं जातं.

सी पिनचं काम आमच्याकडे असं चालतं. तार कापणे, साल काढणे, टोकांना सोल्डर चढवणे, मग साडेतीनशे अंशांच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने पिनच्या छोट्या बोर्डवर पाच तारा बसवणे: पॉवर, ग्राउंड, सीसी आणि डेटाच्या दोन. ए ते सी असेल तर सीसीची तार लागत नाही, बोर्डवर रेझिस्टर असतो. त्यावर पॉलिथिनचा आतला साचा, मग पत्र्याचं कवच, मग पीव्हीसीचा बाहेरचा साचा. आतला साचा गाळून पैसे वाचवणारे आहेत. त्यांची केबल पिनच्या मानेशी तुटते, कारण ओढ थेट सोल्डरवर येते.

विदर्भात त्रास देतात त्या गोष्टी कुठल्या माहितीपुस्तकात नसतात. साच्याच्या मशीनला थ्री फेज लागतो. वीज गेली की बॅरलमध्ये अडकलेलं पीव्हीसी गरमच राहतं, तपकिरी पडतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. ती स्क्रू खाते. म्हणून भारनियमनाच्या वेळेआधी पॉलिथिन घालून बॅरलमधलं पीव्हीसी बाहेर ढकलायचं, आणि वीज नसताना इन्व्हर्टरवर सोल्डरिंग चालवायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ट्रॅक्टरवर उन्हात पडलेल्या हलक्या पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य बाहेर येतं, केबल आधी चिकट आणि मग कडक होते. आणि जिनिंगच्या हंगामात फोनच्या पोर्टच्या तळाशी रुई दाबून बसते. पिन शेवटचा अर्धा मिलिमीटर आत जात नाही आणि दोष केबलला लागतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने ती रुई काढावी. सेफ्टी पिन घालू नये, आतले संपर्क एकमेकांना टेकतात.

टाइप-सी आली म्हणून कुलूप गेलं असं मात्र झालं नाही. युरोपीय संघाच्या नियमामुळे २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाइप-सी सक्तीची झाली, आणि अ‍ॅपलने त्याआधीच २०२३ मध्ये आयफोन १५ ला ती दिली. पोर्ट एक झाला, पण झटपट चार्जिंगची बोली कंपनीगणिक वेगळी राहिली. काही कंपन्यांचा फोन स्वतःचा चार्जर आणि स्वतःची केबल असेल तरच पूर्ण वेगाने भरतो, नाहीतर हळू चालतो. दुकानात त्याचा अर्थ एकच निघतो: गावची केबल खराब. पीपीएस नावाची झटपट चार्जिंगची खुली पद्धत २०१७ पासून यूएसबीच्या मानकात आहे. फोन विकणाऱ्याने खुल्या पद्धतीने किती वॉट मिळतील ते खोक्यावर छापावं, एवढं झालं तरी आमच्यावरचा निम्मा आळ जाईल.

आपल्या देशात हा प्रश्न दुसऱ्या धंद्यात येऊन गेला आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मोबाईलच्या सामानालाही तोच विचार लागू व्हावा. चार्जरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आधीच सक्तीची आहे, चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते, आणि टाइप-सीचं भारतीय मानकही निघालं आहे. त्याच प्रयोगशाळेचा अहवाल फोन कंपनीने मान्य करावा. अनोळखी केबल दिसली तर फोनने वेग कमी करावा, कारण स्पष्ट दाखवावं, पण चार्जिंग नाकारू नये. परवान्याच्या अटी बदलायच्या तर निदान वर्षभर आधी सांगाव्यात, कारण साच्याची डाय एकदा पाडली की तिचा खर्च निघायला तेवढा वेळ जातोच.

सध्या आमचं काम ५ अँपिअरच्या केबलवर चालू आहे. ई-मार्करची चिप खुल्या बाजारात मिळते, तिच्यात केबलची क्षमता आणि बनवणाऱ्याचा क्रमांक भरावा लागतो. यूएसबी संस्थेचा हा क्रमांक डॉलर मोजून घ्यावा लागतो आणि आमच्याकडे तो अजून नाही. ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याने त्या रकान्यात एफएफएफएफ भरावं, अशी सोय मानकातच लिहिलेली आहे. आमच्या चिपमध्ये आम्ही तेच भरतो, आणि चार्जर ५ अँपिअर देतो.