करमतं का तिकडं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर दिवाळीला जालन्याला आले की पिशवी खाली ठेवायच्या आत कुणीतरी विचारतंच, "करमतं का गं तिकडं?" आणि उत्तराची वाट न बघता, "तुमची काय मजा बाई, रोज समुद्र!"

आधी समुद्राचं. दापोली समुद्रावर नाही. गाव वर डोंगरमाथ्यावर आहे आणि समुद्र खाली, वळणं उतरून आठ-दहा किलोमीटरवर. पहिल्या वर्षात आम्ही तो चारदा पाहिला, त्यातला तीनदा पाहुणे आले म्हणून. यांची नोकरी कृषी विद्यापीठात. परभणीला शिकलेल्या माणसाला दापोली काय परकी, दोन्ही विद्यापीठं १९७२ चीच, असं सामान बांधताना मीच म्हणाले होते. फार शहाणी होते तेव्हा.

२०१९ च्या जुलैत आलो. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटर पडला तरी चांगलं साल म्हणतात. इथे साडेतीन हजारांच्या घरात पडतो. पहिल्या आठवड्यात मी पागोळ्यांखाली बादल्या, पातेली, पिंप, सगळं लावून ठेवलं. घरमालकीण काकू ओटीवरून बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "अगो, भरून कशाला ठेवतेस? तो काय उद्या थांबणाराय?" टँकरमागे धावलेल्या बाईला हे कसं सांगायचं, की भरलेलं पिंप दिसलं नाही तर झोप लागत नाही?

पुढच्या पंधरा दिवसांत चपलांवर हिरवी बुरशी, लग्नातल्या शालूवर काळे ठिपके, मिठाचं पाणी. मुलीचा गणवेश रोज इस्त्रीनं वाळवायचा. ती तेव्हा सात वर्षांची. एक दिवस शाळेतून आली आणि म्हणाली, "मम्मी, माझ्या मैत्रिणींसमोर 'काय करायलीस' म्हणत जाऊ नको." दोन महिन्यांत घरात 'गो' सुरू झालं. मला राग आला. लेक रुळली म्हणून आनंद व्हायला हवा होता, माहीत आहे.

आणि माणसं. आपल्याकडे शेजारीण सरळ स्वयंपाकघरात येते. इथे हाक मारल्याशिवाय कुणी पायरी चढत नाही, आणि आम्ही 'घाटावरचे'. कोकणी माणूस कोरडा, हे मी तुम्हा सगळ्यांना फोनवर सांगितलंय. तेव्हा ते मला खरंच तसं वाटत होतं. आता मागे घेते. पण पूर्ण नाही.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी वर श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं, पण म्हणून आम्ही वाचलो असं नाही. एकेक कौल आधी खडखडायचं, मग दिसेनासं व्हायचं. हे दाराला पाठ लावून उभे. काकू, मी आणि लेक देवघराच्या कोपऱ्यात, डोक्यावर गादी धरून. संध्याकाळी बाहेर आलो तर अंगणात कधी नव्हे इतका उजेड. झाडंच नव्हती. फोन बंद. आम्ही जिवंत आहोत हे आईला पाचव्या दिवशी कळलं. तोवर तिकडे टीव्हीवर मुंबई वाचल्याचं सांगत होते म्हणे. वीज एकविसाव्या दिवशी आली.

आठव्या दिवशी रस्ता मोकळा झाला तेव्हा काकूंना त्यांच्या मुरुडच्या वाडीत घेऊन गेलो. पोफळी मधोमध मोडलेल्या, माडांची मुळं वर. काकू रडल्या नाहीत. आडव्या झाडांमधून वाट काढत सांगत राहिल्या, ही ओळ सासऱ्यांनी लावलेली, हा माड धाकट्या दिरांच्या मुंजीच्या वर्षीचा. मला ते ऐकवेना. मी म्हणाले, "जाऊ द्या काकू, परत लावता येतील की."

त्या झावळी बाजूला सारत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. तोवर तुमची बदली झालेली असेल, गो."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२०१२ च्या दुष्काळात अण्णांची मोसंबीची बाग जळाली, तुम्हाला माहीतच आहे. टँकरनं पाणी घालून अर्धी तरी जगवू म्हणाले, मग तीही तोडली. सरपण दोन वर्षं पुरलं. तेव्हा बांधावर उभं राहून एक पाहुणे म्हणाले होते, "जाऊ द्या, परत लावा." त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. भावाच्या लग्नात त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. आणि आठ वर्षांनी तेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, माझ्या तोंडून.

मग मी काय म्हणायला हवं होतं? अजून सुचलेलं नाही. कदाचित काकूंसारखं, हाक आल्याशिवाय पायरी चढायचीच नव्हती.

पुढच्या वर्षी मृगात काकूंनी वाडीत रोपं लावली. मला बोलावलं नव्हतं, मी गेले. त्यांनी जा म्हटलं नाही. रोपांची टोपली माझ्याकडे सरकवली. उन्हाळ्यात शिंपायलाही जाते, म्हणजे आता समुद्र रोजचा नाही तरी आठवड्याचा झालाय. त्याच्याकडे बघायला वेळ मिळतो असं नाही.

तर करमतं का? जुलैत नाही करमत, एवढं नक्की. पोफळी आता माझ्या डोक्यावर गेल्यात, अजून धरलेल्या नाहीत. परभणीला जागा निघणार असं ऐकतोय, आणि निघाली तर हे अर्ज करणार आहेत. मी नको म्हटलेलं नाही. कराही म्हटलेलं नाही.