आधी मुल्हेर, मग साल्हेर

नाशिकहून साल्हेर किल्ल्यावर जाणारे बहुतेक ग्रुप वाटेतला मुल्हेर किल्ला गाडीच्या काचेतूनच बघतात. आम्हीही दोनदा तेच केलं होतं. या डिसेंबरात मात्र पहिला अख्खा दिवस मुल्हेरला दिला. आता कुणी विचारलं तर याच क्रमाने जा, असं सांगेन.

पहाटे पाचला निघालो. सोग्रस फाट्याला हायवे सोडला, मग देवळा, सटाणा, ताहराबाद. सटाण्यात नाश्ता उरकून घ्या, पुढे सकाळी लवकर काही मिळेलच असं नाही. एसटीने येणाऱ्यांनीही सटाणा गाठावं, तिथून मुल्हेरची गाडी धरावी.

मुल्हेर ही बागुल राजांची, म्हणजे या बागलाण मुलखाची राजधानी. गुजरात आणि दख्खनमधली वाट या मुलखातून जायची. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याने १६३८ मध्ये हे राज्य घेतलं. आज माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर, झाडी इतकी दाट आहे की राजवाड्याचे चौथरे अगदी पायाशी आल्यावर दिसतात. तळ्याकाठच्या गणेश मंदिरात आम्ही तासभर बसलो. खांबांवरची नक्षी हाताने चाचपून बघितली. कडा पावसाने बोथट झाल्यात, पण आतल्या बाजूला छिन्नीची रेघ अजून बोटाला लागते. राजधानी म्हणजे नुसता तट नव्हे, इथे माणसं राहत होती, पूजा करत होती, पाणी भरत होती, हे तिथे बसल्यावर कळतं. सोमेश्वर मंदिर आणि मोती तलावही चुकवू नका. माचीवर वाटांना फाटे फार, म्हणून गावातला वाटाड्या घ्याच. आम्ही घेतला नाही आणि बालेकिल्ल्याची वाट शोधण्यात दीड तास घालवला.

उतरल्यावर गावात संत उद्धव महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. कोजागरीला इथे रासक्रीडा होते, जमलं तर तेव्हाच या. रात्री एका घरी बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. जेवणाचं मात्र दुपारीच सांगून ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी अंधारातच साल्हेरच्या पायथ्याच्या वाघांबे गावात पोचलो. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीपर्यंतची चढण दमवते, तिथून पुढे कातळातल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. उन्हाच्या आधी खिंड गाठा, म्हणजे निम्मं काम झालं. प्रत्येकी तीन लिटर पाणी खालूनच घ्या. वर गंगासागर तलाव आहे, गुहाही आहेत, पण ते पाणी गाळून-उकळूनच प्या.

१६७२ मध्ये याच डोंगराच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांचे सेनानी मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. मराठा सरदार सूर्याजी काकडे तिथे धारातीर्थी पडले. परशुराम मंदिरापाशी उभं राहून खालचं ते सपाट रान बघताना आमच्यात कुणीच बोललं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे, त्यामुळे आता गर्दी वाढणार. प्लास्टिक खाली आणा, एवढी कळकळीची विनंती.

उतरताना वाळलेल्या गवतावर आमच्या मित्राचा पाय घसरला आणि गुडघा सुजला. झिजलेल्या तळाचे बूट घालून येऊ नका. आणि गुडघ्याचा पट्टा सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा.